आडेबाईंचे मेंदूचे डबे

आडेबाईंनी मला पहिल्याच दिवशी कल्चर-रूमबाहेर काढलं, ते इडलीवरून.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. वणीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं फार्मसी शिकवली आणि मग कळलं, की पीएच.डी. नसेल तर आहोत तिथंच म्हातारं व्हायचं. म्हणून रजा काढून यवतमाळच्या या प्रयोगशाळेत दाखल झाले. काम होतं मेंदूतल्या पेशी वेगळ्या करून वाढवायच्या आणि एका झाडाच्या सालीचा अर्क त्यांच्यावर टाकून बघायचा. मी नवा कोट घालून कल्चर-रूमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीच्या, दारात उभी राहिले, तर आतून एक बाई आल्या. पांढऱ्या कोटाखाली वर खोचलेली साडी, डोक्यावर टोपी, आणि हातमोज्यांच्या वर कोपरापर्यंत हिरवं गोंदण.

"सकाळी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आपुलकीनं विचारताहेत. परक्या गावात असं कोणी विचारलं की बरं वाटतं. मी म्हणाले, "इडली."

"मंग उद्या या."

"म्हणजे?"

"इडलीचं पीठ कायनं फुगते? आंबवनानं ना? थेच आंबवन तुमच्या तोंडातून माह्या डब्यात गेलं तं सकाळी मेंदूच्या जागी इडल्या भेटतीन. उद्या पोळी खाऊन या."

दार बंद. चौदा वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राचा पेपर तपासत आलेली मी, व्हरांड्यात उभी राहून विचार करत होते की यांना उत्तर काय द्यावं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

पुढं कळलं, हा नियम सगळ्यांना होता. आमचे मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुख. ते मूळचे नेरचे. बाई माणसांची नावं लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. त्यामुळे ते 'नेरवाले सर' आणि मी 'वणीवाल्या मॅडम'. तर या नेरवाल्या सरांच्या घरी रविवारी इडली व्हायची, आणि सोमवारी सर स्वतःच्या प्रयोगशाळेच्या दाराबाहेर. सुरुवातीला त्यांनी खोटं बोलून पाहिलं. बाईंनी फक्त एकदा नाक वर केलं आणि म्हणाल्या, "सांबारात हिंग लय झाला काय, सर?" तेव्हापासून सर सोमवारी काचेतूनच काम बघत.

"बाई, मी विभागप्रमुख आहे!" ते एकदा काचेवर टकटक करून ओरडले.

"हाव ना सर," आतून उत्तर आलं. "पन पोटात इडली हाये."

बाईंचा हुद्दा कागदोपत्री 'परिचर' होता. दारव्हा तालुक्यात बोरी अरबच्या पुढं त्यांचा बंजारा तांडा. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि इंग्रजी फक्त बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरती. त्या इथं आल्या त्या उंदरांना दाणापाणी द्यायला. तेव्हा कल्चरचं काम एक शिकलेले तंत्रज्ञ करायचे आणि त्यांच्या पेशी दर आठवड्याला मरायच्या. बाई पिंजरे धुता धुता काचेतून बघत असत. एक दिवस ते तंत्रज्ञ वैतागून नोकरी सोडून गेले. सर डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा बाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, थे पोरगं जोरात वढत होतं. म्हनून मरत होते. मी करू काय?"

सरांनी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला दुसरं कोणी शिल्लक नव्हतं. त्या दिवसाच्या पेशी अठ्ठावीस दिवस जगल्या. बाईंचा हुद्दा मात्र तोच राहिला. तो बदलण्याचा अर्ज सरांनी किती वेळा वर पाठवला, हे सरांनाही आठवत नव्हतं.

काम नाजूक असतं. जन्मून एक-दोन दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लाचा मेंदू घ्यायचा. तो तुरीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा. त्यावरचं पातळ आवरण चिमट्यानं सोलायचं. बाई त्याला साय म्हणत. मग तो एका पाचक द्रावणात ठेवून सैल करायचा, आणि बारीक तोंडाच्या काचेच्या नळीतून वरखाली ओढून सुटा करायचा. त्यात सगळ्या जातीच्या पेशी एकमेकींत गुंतलेल्या असतात. खरी कसरत पुढं. कोणती पेशी कशाला चिकटते, कोणती कधी सुटते, हे ओळखून त्यांना वेगळं काढायचं.

पिल्लाला हात लावण्याआधी बाई एक क्षण थांबायच्या. तेवढ्यात त्या कोणाशी बोलत नसत आणि कोणाला बोलू देत नसत. त्या क्षणाची चेष्टा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. बाकी सगळ्याची ऐकली.

"हे पाहा," त्यांनी मला पहिला धडा दिला. "न्यूरॉन म्हंजे पाव्हना. त्याले खाली गादी अंथरा लागते, नाई तं बसत नाई. पानी त्याच्याच आवडीचं लागते. जरा कमीजास्त झालं का रुसून मेला. हे अ‍ॅस्ट्रोसाइट म्हंजे घरच्या बाया. डब्याच्या बुडाले अशा चिपकून राह्यतात का हलवल्यानं हलत नाई. सारं घर त्याईच्याच जिवावर. अन् हे मायक्रोग्लिया म्हंजे चौकीदार. कोन आलं, कोन गेलं, कुठं घान पडली, पाहात फिरतात. बायाईच्या डोक्यावर बसून राह्यतात, पन पाय पक्के नसतात. डबा हलवला का हेच पयले सुटतात."

"आणि ऑलिगोडेंड्रोसाइट?" मी वही काढून विचारलं.

"थो वायरमन. तुमाले त्याचं काम नाई. त्याचं नाव घेताघेताच दुपार होते."

मला चौकीदार हवे होते. डोक्याला मार लागला किंवा आजार झाला की हेच चौकीदार बिथरतात आणि आपल्याच घरात तोडफोड करतात. आमच्या सालीचा अर्क त्यांना शांत करतो का, हा माझा प्रश्न. त्यासाठी चौकीदार निर्भेळ हवेत. मिश्र पेशी डब्यात दहा-बारा दिवस वाढवायच्या, मग तो डबा हलवणीच्या यंत्रावर, म्हणजे शेकरवर, तासभर गरगर फिरवायचा. चौकीदार सुटून वरच्या गुलाबी पोषक पाण्यात तरंगतात, बाया बुडाशी राहतात. डबा म्हणजे आमचा कल्चर-फ्लास्क. बाईंनी 'फ्लास्क' हा शब्द कधी वापरला नाही. फ्लास्कमध्ये चहा असतो, म्हणत.

माझे पहिले चार महिने वाया गेले. नळीतून ओढताना माझ्या हातून बुडबुडे यायचे. बाई सूक्ष्मदर्शकातून बघायच्या आणि उठायच्या.

"मॅडम, तुमी मेंदू सुटा नाई केला. चटनी केली."

"जोर लावल्याशिवाय सुटत नाही ना पण."

"जोर कायले? सैल झालं का आपोआप सुटते. नसन सुटून राह्यलं तं थांबा. आपन थांबत नाई, थेच्यानं मरते सारं." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गोरबोलीत मोजायला लागल्या, "एक, दी, तीन..." दहाला थांबल्या. "अकरावी बार नाई. अकरावी बार आपल्या समाधानासाठी असते."

पाचव्या महिन्यात माझ्या पेशी जगल्या. बाईंनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, बराच वेळ काढला नाही, आणि म्हणाल्या, "आछो." गोरबोलीत म्हणजे चांगलं. पीएच.डी. मिळाल्यावर जेवढा आनंद झाला नाही, तेवढा त्या दिवशी झाला होता.

आता मे महिन्यातली ती गोष्ट.

अकरा महिन्यांच्या कामातली सर्वांत महत्त्वाची फेरी सुरू होती. सहा डबे तयार होते. दुसऱ्या दिवशी चौकीदार सोडवायचे. आणि सकाळी वादळ झालं, डीपी उडाली, वीज गेली. कॉलेजचं जनरेटर तासभर चाललं आणि धूर काढून गप्प बसलं. वीज उद्यापर्यंत येत नाही, असं कळलं. बाहेर पंचेचाळीस अंश. पेशींना लागतात सदतीस. उबवणीच्या पेटीला गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोली तापली की पेटीही तापणार.

अमरावतीला माझ्या ओळखीच्या एका बाईंची प्रयोगशाळा होती. तिथं वीज होती, पेटी होती. सरांची गाडी दुरुस्तीला गेलेली. मी टॅक्सीवाल्यांना फोन करू लागले, तर बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"टॅक्सीत एसी लावतीन. मंग अठरा होईन. नाई लावला तं पन्नास. सदतीस कुठं भेटते सांगू? पोटाले. ओढनी हाये काय तुमच्यापाशी?"

सगळ्या डब्यांची झाकणं घट्ट पिळून त्यांनी चार डबे स्वतःच्या पोटाला आणि दोन माझ्या पोटाला ओढणीनं बांधले. आम्ही बाराच्या एस.टी.त चढलो. फक्त शेवटचं बाकडं रिकामं होतं.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला. "मावशी, पोटाले काय बांधलं?"

"मेंदू."

"कोनाचा?"

"उंदराचा."

त्यानं थोडा विचार केला. "उंदराचं तिकीट लागत नाई," म्हणाला आणि पुढं गेला.

नेरपर्यंत ठीक होतं. नेरच्या पुढं रस्ता रुंद करण्यासाठी खणून ठेवला होता. बस खड्ड्यात उतरायची, वर यायची, आणि शेवटच्या बाकड्यावर आम्ही दोघी वितभर उडायचो. पेशींना धक्का लागू नये म्हणून बाईंनी पहिल्या खड्ड्यापासून उभं राहायला सुरुवात केली. एका हातानं वरचा दांडा धरलेला, दुसरा पोटावर, गुडघे वाकवलेले. पंचावन्न-छप्पन वर्षांची बाई. मी मात्र रडत होते. अकरा महिने माझ्या पोटावर खडखडत होते.

"रडू नका," बाई वरून म्हणाल्या. "घामानं पोट थंड होते. डोयाचं पानी कायले आनखी?"

शेजारी बसलेल्या आजोबांनी बाईंकडे पाहून मला विचारलं, "दिवस भरत आले काय त्याईचे?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आजोबा बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

अमरावतीला पोचलो. हात धुतले, डबे पुसले. बाईंनी पहिला डबा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "वणीवाल्या मॅडम, इकडे या."

मी डोळा लावला. गुलाबी पाण्यात बारीक, गोल, चमकणारे ठिपके तरंगत होते. जिकडे पाहावं तिकडे. आणि खाली बुडाशी बाया जशाच्या तशा, एक फट नाही. आमच्या यंत्रानं इतके चौकीदार कधी सोडवले नव्हते. दुसरा डबा तसाच. तिसरा तसाच. सहाही.

बाईंनी पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. त्यांच्या गोल अक्षरातली ती ओळ मला पाठ आहे: 'शेकर बंद. एस.टी., शेवटचं बाकडं, यवतमाळ ते अमरावती. नेरला दहा मिनिट थांबली. चौकीदार लय सुटले.'

त्या पेशींवरच माझं मुख्य प्रकरण उभं राहिलं. अर्क काम करत होता. स्वच्छ, सरळ, कोणालाही दाखवावं असं. फक्त एक अडचण होती, पेशी कशा वेगळ्या केल्या ते लिहायचं काय?

"शेकर लिहा," नेरवाले सर म्हणाले. "मिनिटाला एकशे ऐंशी फेरे, एक तास. सगळे तेच लिहितात. एस.टी. लिहिलं तर लोक हसतील हो."

मी लिहून टाकलं. चूक माझीच.

बाईंची सवय होती की संध्याकाळी निघण्याआधी त्या माझ्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "आपलं काय लिहून राह्यले, थे सांगा." मी पानं मराठीत सांगायची. त्या दिवशी या पानावर आले आणि त्यांनी हात वर केला.

"हा शेकर कोनता?"

"आपलाच."

"आपला तं बंद होता. करंटच नव्हता."

"बाई, लिहिताना असं लिहावं लागतं."

"काहून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्या आजवर एक सेल जास्त मोजला काय कवा? मेलेल्याले जित्ता म्हन्लं काय? मंग तुमी माह्या डब्यावर खोटं काहून लिहून राह्यल्या?" आणि उठून गेल्या.

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते पिंजऱ्यातल्या उंदरांना सांगायच्या. "त्या मॅडमले सांगा, पानी बदलाची वेळ झाली." "त्या मॅडमले सांगा, जेवून घ्या म्हना." उंदीर काही बोलत नसत, पण मला कळायचं. तिसऱ्या दिवशी मी ते पान काढलं आणि लिहिलं, 'रस्त्यावरील वाहनाचे कंपन, सुमारे अडीच तास.' सर सही करताना देवाचं नाव घेत होते.

प्रबंध तपासायला पुण्याच्या एका संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात ते तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीच सकाळी आले. उंच, कडक इस्त्रीचे, शब्द मोजून बोलणारे. बसल्या बसल्या त्यांनी ते पान उघडलं.

"वाहनाचे कंपन. म्हणजे नेमकं काय?"

नेरवाले सर छताकडे बघू लागले. मी म्हणाले, "एस.टी. बस."

"ही विनोदाची जागा नाही, मॅडम."

"नाही सर."

तेवढ्यात बाई रजिस्टर घेऊन आल्या आणि ती ओळ उघडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाचली. परत वाचली. मग तारीख, पेशींची संख्या, डब्यांचे क्रमांक सगळं माझ्या प्रबंधाशी ताडून पाहिलं. काहीच चुकत नव्हतं. त्यांनी चष्मा खाली केला.

"एकदा घडलं म्हणजे निष्कर्ष होत नाही. पुन्हा करून दाखवता येईल? नाही तर हे प्रकरण मला मान्य करता येणार नाही."

प्रकरण गेलं की प्रबंध गेला. बाई मात्र म्हणाल्या, "दहा डबे तयार हायेत. चाला. पन एक डबा पेटीतच ठेवू, हलवाचा नाई. नाई तं तुमीच म्हनसान का आपोआप सुटले."

पुणेवाले सर पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघत म्हणाले, "मी तेच सुचवणार होतो."

आम्ही चौघं अमरावतीच्या बसमध्ये शेवटच्या बाकड्यावर बसलो. तीन डबे बाईंच्या पोटाला, एक माझ्या. आणि बस नेरच्या पुढं निघाली, तशी आमची तोंडं उतरली. रस्ता झाला होता. सिमेंटचा, रुंद, तळहातासारखा. बस सरकत होती, हलत नव्हती. पुणेवाले सर झोपले. बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं आणि कडवट तोंडानं म्हणाल्या, "हा कोनं केला?"

नेरवाले सर खाली मान घालून बसले होते. "मी," ते पुटपुटले. "म्हणजे अर्ज माझे होते. आठ वर्षं देत होतो."

सबंध बसमध्ये लोक रस्त्याचं कौतुक करत होते. नाराज आम्ही तिघंच होतो.

परत येऊन पाहिलं. मोजके दहा-बारा ठिपके. हलवलेले डबे आणि न हलवलेला डबा, फरक नाही. पुणेवाले सर काही वाईट बोलले नाहीत. "उद्या तीन वाजता परीक्षा आहे," एवढंच म्हणाले.

बाई हात धुत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "सर, सकाळी सातले तयार राह्यजा. बोरी अरबहून आमच्या तांड्याचा रस्ता हाये. थ्यासाठी बी अर्ज केले लोकाईनं. पन आमच्याकडे नेरवाले सर नाईत."

सकाळी कडाक्याची थंडी होती. बोरी अरबला उतरून आम्ही काळी-पिवळी जीप धरली. नऊजणांच्या जागेत चौदा माणसं आणि एक बकरी. थंडीमुळे बाईंच्या एकट्या पोटावर भागेना. त्यांनी पुणेवाल्या सरांकडे पाहिलं.

"सर, तुमी बी दोन घ्या. स्वेटर वर करा."

"मी परीक्षक आहे, बाई."

"हाव ना. परीक्षकाले बी सदतीसच असते."

सरांनी स्वेटर वर केला. बाईंनी दोन डबे त्यांच्या पोटाला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली. जीप निघाली. तो रस्ता म्हणजे नुसते दगड आणि मधे मधे रस्त्याची आठवण. बकरी पुणेवाल्या सरांच्या मांडीवर आली. एका म्हातारीनं त्यांच्या पोटाकडे बोट दाखवून गोरबोलीत काहीतरी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, आणि अख्खी जीप हसत सुटली. ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागली.

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"काई नाई. तुमी बरे मानूस हा, असं म्हन्लं."

तांड्यापर्यंत जाऊन, त्याच जीपनं परत बोरी अरब, तिथून यवतमाळ. साडेअकराला आम्ही सूक्ष्मदर्शकासमोर होतो. पुणेवाले सर म्हणाले, आधी मी बघणार. कोणाला दाखवायचं नाही. डबे कोणते हललेले आणि कोणता पेटीतला, तेही मला सांगायचं नाही. बाईंनी चिठ्ठ्या झाकून डबे एकामागून एक ठेवले. ते मोजत होते, लिहीत होते, परत मोजत होते. नेरवाले सर काचेबाहेर. सोमवार होता.

शेवटी त्यांनी डोळा काढला. "पहिल्या डब्यात काही नाही. बाकी चारांत..." त्यांना शब्द सापडेना. बाईंच्याच शब्दांत म्हणाले, "चौकीदार लय सुटलेत."

पहिला डबा पेटीतला होता.

दुपारच्या परीक्षेत त्यांनी मला अर्काबद्दल दीड तास पिळून काढलं, त्यात काही दयामाया नव्हती. कंपनाबद्दल मात्र एकच दुरुस्ती सुचवली. 'रस्त्यावरील' या शब्दाच्या आधी 'खराब' घालावा, म्हणजे इतरांना प्रयोग करता येईल. प्रबंधाच्या आभारात बाईंचं नाव आहे का, हेही त्यांनी बघितलं. होतं. "खाली नाही," ते म्हणाले, "वर घ्या."

मला पदवी मिळाली, मी वणीला परत गेले. बाई निवृत्त झाल्या, परिचर म्हणूनच. निवृत्तीनंतर महिनाभरात पुण्याहून पत्र आलं. संस्थेतल्या नव्या संशोधकांना पेशी वेगळ्या करायला शिकवायचं आहे, दोन दिवसांसाठी यावं, तिकीट सोबत आहे. पत्रात त्यांना 'तज्ज्ञ' म्हटलं होतं. बाईंनी मला फोन करून विचारलं, "हे पत्र दुसऱ्या कोनाचं तं नाई ना आलं?"

त्यांना गाडीत बसवायला आम्ही धामणगाव स्टेशनवर गेलो, मी आणि नेरवाले सर. दुपारची वेळ, गाडी दोनच मिनिटं थांबते. सर बाईंची पिशवी उचलून धावत होते आणि बाई मागून ओरडत होत्या, "उलटी धरू नका, सर!" एसीचा डबा सापडला, बाई चढल्या, दार लागलं. आम्ही काचेशी धावलो.

आत बाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. समोर एक तरुण बाई, कडेवर रडून लाल झालेलं तान्हं बाळ. बाईंनी तिला काहीतरी विचारलं असावं. काचेतून आवाज येत नव्हता. त्या बाईनं मान हलवली आणि बाळ आडेबाईंच्या हातात दिलं. त्यांनी त्याला पालथं मांडीवर घेतलं, गोंदलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि थोपटायला लागल्या.

गाडी हलली. सर हात हलवत होते, मी हात हलवत होते. बाळाच्या आईनं मान मागं टेकवून डोळे मिटले होते. आडेबाईंनी वर पाहिलंच नाही. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत त्यांचं सगळं लक्ष त्या पाठीवर होतं.

दोन दिवसांसाठी गेल्या होत्या. आता दोन वर्षं होतील. त्यांना तिथून सोडायला कोणी तयार नाही.